विश्लेषण : पेंटबॉलमध्ये प्रत्येक गोळीचा हिशेब का लागतो?

लोणावळ्याच्या सहलीत किंवा कंपनीच्या आउटिंगला पेंटबॉल खेळलेल्यांना एक अनुभव हमखास आलेला असतो. खेळ रंगात येतो न येतो तोच गोळ्या संपतात. मग काउंटरवर जाऊन आणखी पैसे भरायचे, नाही तर बाजूला उभे राहून मित्रांचा खेळ पाहायचा. आपल्याला ही मैदानवाल्याची चलाखी वाटते. पण अमेरिका-युरोपात जे तरुण हा खेळ स्पर्धांमध्ये खेळतात, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आहे. फक्त आकडे कितीतरी मोठे आहेत.

गल्लीतल्या क्रिकेटला एक चेंडू पुरतो, वर्गणी एकदाच काढावी लागते. पेंटबॉलची गोळी एकदाच उडते. फुटली की तिचे पैसे संपले आणि नेम चुकला तरी पैसे लागतातच. खेळाचे नियम, तंत्रज्ञान, संघांची घडण आणि गेल्या काही वर्षांतले वाद या सगळ्यांच्या मुळाशी ही साधी गोष्ट आहे. ती कशी, ते समजून घेऊ.

पेंटबॉलची सुरुवात कशी झाली?

२७ जून १९८१ रोजी. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर नावाच्या गावाजवळच्या जंगलात १२ जण पहिला सामना खेळले. लेखक चार्ल्स गेन्स, शेअर बाजारात काम करणारे हेज नोएल आणि स्कीइंगच्या साहित्याचे दुकान चालवणारे बॉब गर्न्सी या तिघांच्या वादातून हा खेळ जन्मला. जंगलात टिकून राहायची वेळ आली तर शहरी माणूस तरेल की रानावनात वाढलेला, असा तो वाद होता.

त्यांनी वापरलेली पिस्तुले खेळासाठी बनवलेलीच नव्हती. तोडायच्या झाडांवर लांबून खूण करण्यासाठी वनखात्याची माणसे आणि गुरांवर खूण करण्यासाठी पशुपालक ‘नेल-स्पॉट ००७’ हे पिस्तूल वापरत. त्याच्या गोळीत तेली रंग असे. अंगावर उडालेला रंग काढायला टर्पेंटाइन लागे. आजही या खेळातल्या बंदुकीला अधिकृतपणे ‘मार्कर’ म्हणतात, ते या खुणेवरूनच.

जंगलात वेगवेगळ्या ठिकाणी लावलेले झेंडे गोळा करून बाहेर पडायचे, असा पहिला खेळ होता. तो जिंकला रिची व्हाइट या स्थानिक वनकर्मचाऱ्याने. विशेष म्हणजे त्याने एकही गोळी झाडली नाही. तो झाडांच्या आडून गुपचूप फिरला, झेंडे घेतले आणि निघून गेला. पुढच्या चार दशकांत हा खेळ कुठून कुठे गेला, हे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गोळीत असते तरी काय?

औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखे जिलेटिनचे कवच आणि आत पॉलिएथिलीन ग्लायकॉल व पाण्यात विरघळणारा रंग. हे साम्य योगायोगाचे नाही. औषधांच्या कॅप्सूल बनवणाऱ्या आर. पी. शेरर कंपनीच्या तंत्रातूनच या गोळ्या तयार होऊ लागल्या. तेली रंग जाऊन धुता येणारा रंग आला आणि खेळ सर्वसामान्यांसाठी खुला झाला.

प्रचलित गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर असतो. वजन सुमारे तीन ग्रॅम. जिलेटिन हवेतला ओलावा शोषून घेते. दमट हवेत गोळी फुगते, मऊ होते आणि नळीत अडकते किंवा समोरच्याला लागूनही फुटत नाही. थंडीत ती कडक आणि ठिसूळ होऊन नळीतच फुटते. त्यामुळे चांगले खेळाडू त्या दिवशीच्या गोळीच्या मापानुसार नळी बदलतात. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या गोळ्या वाकड्या का जातात, त्याचे उत्तरही यातच आहे.

सहलीतला पेंटबॉल आणि स्पर्धेतला पेंटबॉल यांत फरक काय?

सहलीत आपण झाडे, पिंपे, टायर, मातीचे बांध यांच्या आड लपतो. स्पर्धेचे मैदान सपाट असते, फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरेच लहान. त्यावर हवा भरलेले मोठे अडथळे मांडलेले असतात. त्यांना बंकर म्हणतात. मांडणी दोन्ही बाजूंना आरशातल्या प्रतिबिंबासारखी सारखीच असते, त्यामुळे जागेचा फायदा कोणालाच मिळत नाही. या प्रकाराला ‘स्पीडबॉल’ असे नाव पडले आहे.

बंकरांची नावेही खेळाडूंनीच ठेवलेली आहेत. एका कडेला जमिनीलगत लांब पसरलेला अडथळा म्हणजे ‘स्नेक’. त्यात सरपटत जावे लागते. दुसऱ्या कडेचे त्रिकोणी अडथळे चिप्ससारखे दिसतात म्हणून ‘डोरिटो’. खेळाडूची ओळखही त्यावरूनच होते. ‘मी स्नेकला खेळतो’ असे तो सांगतो, आपल्याकडे कबड्डीत ‘मी कोपऱ्यात खेळतो’ म्हणावे तसे.

उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठी स्पर्धामालिका ‘एनएक्सएल’ नावाने ओळखली जाते. आधीची ‘पीएसपी’ मालिका बंद पडल्यावर २०१५ पासून तिने ती जागा घेतली. मोसमात देशाच्या वेगवेगळ्या भागांत स्पर्धा होतात आणि वर्षाच्या शेवटी फ्लोरिडात ‘वर्ल्ड कप’ भरतो. त्यात शेकडो संघ उतरतात. आशियात मलेशिया हे या खेळाचे मोठे केंद्र आहे. लंगकावी बेटावर आशियाई वर्ल्ड कप अनेकदा भरला आहे.

एक ‘पॉइंट’ कसा खेळला जातो?

पाच विरुद्ध पाच. दोन्ही संघ आपापल्या टोकाला उभे राहतात. भोंगा वाजला की सगळे एकदम सुटतात. या पहिल्या दोन-तीन सेकंदांना ‘ब्रेकआउट’ म्हणतात आणि बऱ्याचदा निकाल तिथेच ठरतो. रंग लागलेला खेळाडू बाद. प्रतिस्पर्ध्यांना बाद करून किंवा चुकवून त्यांच्या टोकाचा बझर दाबला की एक पॉइंट. ठरावीक पॉइंट आधी मिळवणारा संघ जिंकतो. व्यावसायिक गटात ही संख्या सात आहे, खालच्या गटांत ती कमी असते.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बहुतेक गोळ्या माणसाला मारण्यासाठी झाडलेल्याच नसतात. समोरचा खेळाडू ज्या वाटेने धावणार, त्या रिकाम्या वाटेवर आधीच गोळ्यांची रांग सोडायची आणि त्याला तिच्यात पळत यायला लावायचे. याला ‘लेन’ धरणे म्हणतात. नंतर समोरच्याने डोके वर काढू नये म्हणून त्याच्या बंकरच्या कडेवर गोळ्यांचा मारा चालू ठेवायचा, तोवर आपला माणूस पुढे सरकतो. म्हणजे शंभर गोळ्यांतल्या एखाद-दुसऱ्या गोळीनेच माणूस बाद होतो. बाकीच्या गोळ्या जागा अडवण्याचे काम करतात. स्पर्धेत गोळ्या एवढ्या का लागतात, याचे हे उत्तर आहे.

मार्कर एवढा वेगवान कसा झाला?

सुरुवातीच्या पिस्तुलात दहा-बारा गोळ्या मावत आणि प्रत्येक वेळी हाताने खटका ओढावा लागे. मग बंदुकीच्या पोटाशी हात ठेवून ओढायचे ‘पंप’ मार्कर आले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एकदा चाप ओढला की एक गोळी सुटेल आणि पुढची आपोआप चढेल, असे मार्कर आले. १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर मार्करमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिरले आणि सगळेच बदलले.

आजच्या मार्करची रचना कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या न्यूमॅटिक्सच्या प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे. बाटलीत साधारण ४,५०० पीएसआय दाबाची हवा भरलेली असते. रेग्युलेटर तो दाब दीडशे-दोनशे पीएसआयच्या आसपास आणतो. चाप ओढला की सर्किट बोर्ड सोलेनॉइड झडपेला इशारा देतो, झडप हवा सोडते, गोळी सुटते. चापाला बोटाचा हलका स्पर्श पुरतो. वरच्या ‘लोडर’मधली मोटर गोळ्या खाली ढकलत राहते.

यंत्राला आता वेगाची अडचणच उरली नाही. सेकंदाला पंधरा-वीस गोळ्या सहज सुटू लागल्या. त्यातच काही खेळाडू सर्किट बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये छुपे बदल करू लागले. चाप एकदा ओढला तर तीन गोळ्या सुटायच्या आणि पंचाने तपासायला मार्कर हातात घेतला की तो पुन्हा सरळ वागायचा.

मग ‘सेकंदाला १०.२ गोळ्या’ हा नियम काय आहे?

चोरी पकडता येत नसेल, तर ती सगळ्यांना सारखीच करू द्यावी, असा मार्ग संयोजकांनी काढला. चाप काही वेळा ओढल्यावर मार्कर आपोआप ठरलेल्या कमाल वेगाने गोळ्या सोडेल, याला परवानगी मिळाली. त्याला ‘रॅम्पिंग’ म्हणतात. मात्र त्या वेगाला कमाल मर्यादा घालण्यात आली. ती पुढे टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली आणि सेकंदाला १०.२ गोळ्यांवर आली. मर्यादा ओलांडणाऱ्या मार्करवर आणि खेळाडूवर दंड बसतो.

वरवर हा प्रामाणिकपणाचा नियम वाटतो. पण मर्यादा खाली आणण्यामागे दुसरे कारणही होते. संघांना गोळ्या परवडत नव्हत्या.

खर्चाचे गणित नेमके काय?

स्पर्धेसाठीच्या गोळ्या खोक्याने विकल्या जातात. एका खोक्यात २,००० गोळ्या. हिशेबासाठी एक खोका ५० डॉलरला आणि डॉलर ८५ रुपयांना धरू. चांगल्या प्रतीच्या गोळ्यांना याहून जास्त पैसे पडतात. तरी या हिशेबाने एक गोळी अडीच सेंटना, म्हणजे सुमारे दोन रुपयांना पडली. आपल्याकडच्या सहलीच्या दरापेक्षा स्वस्तच.

आता चाप दाबून धरा. सेकंदाला १०.२ गोळ्या म्हणजे सेकंदाला वीस-बावीस रुपये. लोडरमध्ये साधारण २०० गोळ्या मावतात, त्या २० सेकंदांत संपतात. चारशे रुपयांहून जास्त गेले. मागच्या फळीतला खेळाडू कमरेला १४० गोळ्यांचे सहा-सात डबे बांधून उतरतो. म्हणजे एका पॉइंटसाठी त्याच्या अंगावर हजाराच्या वर गोळ्या असतात. असे पाच जण, एका सामन्यात अनेक पॉइंट, एका स्पर्धेत अनेक सामने.

खालच्या गटातल्या संघाने एका स्पर्धेत २० खोकी वापरली असे धरले, तरी १,००० डॉलर, म्हणजे ८५ हजार रुपये झाले. संघात आठ जण असतील तर प्रत्येकी दहा हजारांच्या वर. यात प्रवेश शुल्क, विमान किंवा गाडीचा खर्च, हॉटेल, जेवण आलेले नाही. सरावाच्या गोळ्याही आलेल्या नाहीत. वरच्या दर्जाचा मार्कर दीड-दोन हजार डॉलरना येतो, तो वेगळाच. पण मार्कर एकदा घेतला की काही वर्षे चालतो आणि जुना विकताही येतो. झाडलेली गोळी कोणी विकत घेत नाही.

हे खेळाडू कोण असतात? त्यांचे जगणे कसे असते?

बहुतेक जण महाविद्यालयात शिकणारे किंवा नुकते नोकरीला लागलेले. आठवडाभर गोदामात, दुकानात, गॅरेजमध्ये किंवा ऑफिसात काम आणि शनिवार-रविवार मैदानावर. मोठ्या स्पर्धेच्या काही दिवस आधी संयोजक बंकरांची मांडणी जाहीर करतात. मग देशभरातली सरावाची मैदाने त्याच नकाशाप्रमाणे बंकर मांडतात आणि संघ तिथे गर्दी करतात. कोणत्या वाटेने धावायचे, पहिल्या सेकंदाला कोणती लेन धरायची, कोण पडला तर कोणी ओरडून कळवायचे, याची घोकंपट्टी होते. हा खेळ जितका बोटांचा तितकाच घशाचा आहे. समोरचा कुठे लपला आहे हे सांकेतिक शब्दांत सतत ओरडून सांगावे लागते.

दोन पॉइंटच्या मध्ये मोजकाच वेळ मिळतो. त्यात अंगावरचा रंग पुसायचा, डबे भरायचे, हवेची बाटली तपासायची. हे काम ‘पिट क्रू’ करतो. त्यात कोणाचा धाकटा भाऊ असतो, कोणाची मैत्रीण, कोणाचे वडील, तर कधी खालच्या संघातली मुले. हॉटेलच्या एका खोलीत सहा जण झोपतात. या मंडळींना एकत्र ठेवणारी गोष्ट बक्षीस नाही. ती रक्कम खर्चाच्या मानाने किरकोळ असते.

गटांची उतरंड पक्की आहे. सर्वांत वर व्यावसायिक, मग अर्धव्यावसायिक आणि खाली क्रमांकांचे गट. कोणी कोणत्या गटात खेळायचे, हे त्याच्या नोंदलेल्या कामगिरीवरून ठरते. त्यासाठी खेळाडूंच्या ओळखक्रमांकाची आणि गुणांची नोंद ठेवणारी व्यवस्था आहे. तिच्यामुळे मुरलेला खेळाडू सोप्या गटात उतरून नवख्यांना लुटू शकत नाही, निदान तसा उद्देश आहे.

व्यावसायिक खेळाडू तरी यावर जगतात का?

मोजके अपवाद सोडले तर नाही. सॅन दिएगो डायनेस्टी, लॉस एंजेलिस आयर्नमेन, रशियन लीजन, फ्रान्सचा टोनटोन्स या संघांची नावे या जगात आपल्याकडच्या आयपीएल संघांसारखी घेतली जातात. डायनेस्टीचे ऑली लँग, अॅलेक्स फ्रेज, रायन ग्रीनस्पॅन हे पोस्टरवरचे चेहरे ठरले. पण अव्वल संघांतल्या अनेकांनाही दुसरी नोकरी किंवा व्यवसाय करावा लागतो. कोणी मैदान चालवतो, कोणी साहित्य विकतो, कोणी प्रशिक्षण शिबिरे घेतो.

याचे कारण उत्पन्नाच्या वाटेत आहे. क्रिकेट किंवा फुटबॉलमध्ये पैसा प्रेक्षकाकडून येतो, म्हणजे तिकिटे, प्रक्षेपण, जाहिराती यांतून. पेंटबॉलने टीव्हीवर यायचा प्रयत्न केला. २०००च्या दशकात ईएसपीएनसारख्या वाहिनीवर सामने दिसले. पण ते फार काळ टिकले नाहीत. तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारी गोळी कॅमेऱ्यात दिसत नाही. दहा जण दहा ठिकाणी लपलेले असतात आणि कोण कशाने बाद झाला हे नवख्या प्रेक्षकाला कळत नाही. आता सामने इंटरनेटवर दाखवले जातात. पाहणारे बहुतेक जण स्वतः खेळाडूच असतात.

म्हणजे इथे खेळाडू हाच गिऱ्हाईक आहे. खालच्या गटातल्या मुलांचे प्रवेश शुल्क आणि त्यांनी घेतलेल्या गोळ्या यांवर मोठ्या स्पर्धा उभ्या राहतात. कंपन्या वरच्या संघांना मोफत किंवा सवलतीत साहित्य देतात, कारण ते पाहून खालची मुले तेच साहित्य विकत घेतात. इमारतीचा कळस चमकतो, पण सगळा भार पायावर आहे. आणि पायातली वीट म्हणजे महिन्याच्या पगारातून गोळ्या घेणारा वीस वर्षांचा मुलगा.

उद्योगाला धक्के कोणते बसले?

पहिला धक्का पेटंटचा. इलेक्ट्रॉनिक मार्करच्या पेटंटांच्या जोरावर ‘स्मार्ट पार्ट्स’ या अमेरिकी कंपनीने इतर उत्पादकांवर दावे लावले. अनेक लहान उत्पादकांनी या बाजारातून अंग काढून घेतले. खेळाडूंत या कंपनीविषयी मोठी नाराजी होती. २०१० मध्ये ही कंपनीच बंद पडली.

त्याआधी २००८च्या मंदीने सहलीला येणारा आणि हौसेने खेळणारा वर्ग आटला होता. करोनाकाळात मैदाने बंद राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये टिपमन, एम्पायर, जेटी अशी नावाजलेली उत्पादने हाती असलेली ‘जीआय स्पोर्ट्झ’ ही मोठी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिचा कारभार ‘कोर आउटडोअर’ने घेतला.

मग उलटेच झाले. घरात कोंडलेली माणसे २०२१ मध्ये मोकळ्या हवेतल्या खेळाकडे धावली आणि गोळ्यांचा तुटवडा पडला. गोळीतले पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे पेट्रोरसायन उद्योगातून येते. फेब्रुवारी २०२१ मधल्या हिमवादळाने टेक्सासमधले पेट्रोरसायन कारखाने बंद पाडले होते. जगभरातली जहाजवाहतूक तेव्हा विस्कळीत होतीच. गोळीच नसेल तर हजारो डॉलरचा मार्कर शोभेची वस्तू ठरतो, हे खेळाडूंना तेव्हा नीट कळले.

रंग पुसून खेळत राहिले तर?

हा या खेळातला सर्वांत जुना अपराध. गोळी पाठीवर किंवा डब्यांच्या पट्ट्यावर फुटली, तर ती लागल्याचे फक्त त्या खेळाडूला कळते. हात वर करून बाहेर जायचे, हा नियम त्याच्या सचोटीवर चालतो. रंग गुपचूप पुसणे हा मोठा गुन्हा मानला जातो. पकडला गेला तर त्याच्याबरोबर संघावरही शिक्षा येते. काही वेळ संघाला एक माणूस कमी घेऊन खेळावे लागते.

तरी हे घडते. हजारो रुपये घालून, दोन दिवस गाडी चालवून आलेल्या मुलाला पहिल्याच सेकंदाला बाहेर जाणे जड जाते. खर्च जितका वाढतो, तितका हा मोह वाढतो. म्हणून गोळीच्या किमतीचा प्रश्न खिशापुरता राहत नाही, तो खेळाच्या सचोटीपर्यंत पोहोचतो.

खेळ किती धोकादायक आहे?

नियम पाळले तर बऱ्याच मैदानी खेळांपेक्षा कमी. न पाळले तर डोळा जाऊ शकतो. यात अतिशयोक्ती नाही.

बहुतेक मैदानांवर गोळीच्या वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट असते, म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. तीन ग्रॅमच्या गोळीत तेव्हा साधारण १२ ज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूत याच्या जवळपास दहापट ऊर्जा असते. मग भीती कशाची? आकाराची. क्रिकेटचा चेंडू डोळ्याच्या खोबणीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे भोवतीचे हाड बराच मार झेलते. १७ मिलिमीटरची गोळी खोबणीत थेट शिरते आणि सगळी ऊर्जा बुबुळावर येते.

मायामीतील बास्कॉम पामर नेत्रसंस्थेने १९९८ ते २००५ या काळातल्या ३६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांतल्या बहुतेकांना शस्त्रक्रिया करावी लागली, काहींचा डोळा काढावा लागला. या इजा देखरेख असलेल्या मैदानांवरच्या नव्हत्या. योग्य मास्क नसताना, परसात किंवा मोकळ्या जागेत मजा म्हणून खेळताना त्या झाल्या होत्या.

म्हणूनच स्पर्धेत मैदानाच्या जाळीच्या आत मास्क काढणे हा अक्षम्य गुन्हा आहे. मैदानाबाहेर येताच नळीवर कापडी टोपण चढवावे लागते. गोळीचा वेग क्रोनोग्राफ या यंत्रावर मोजला जातो.

आपल्याकडे इथे ढिलाई दिसते. गेल्या वर्षी ऑफिसच्या सहलीत आम्ही खेळलो, तेव्हा मिळालेल्या मास्कची काच दोन मिनिटांत वाफेने धूसर झाली. आमच्यातल्या दोघांनी मैदानातच मास्क कपाळावर सरकवून काच पुसली. समोरून गोळ्या चालूच होत्या. तिथल्या माणसाने हटकले नाही. वेग मोजण्याचे यंत्रही कुठे दिसले नाही. गोळ्या किती मिळणार यावर आम्ही दहा मिनिटे घासाघीस केली, मास्कबद्दल मात्र एकानेही विचारले नाही. चूक मैदानवाल्याची होती, तितकीच आमचीही.

खर्चाच्या प्रश्नावर उपाय निघतो आहे का?

निघतो आहे आणि तो पुढे जाऊन नव्हे, मागे वळून सापडला आहे. गेल्या काही वर्षांत इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या यांत्रिक मार्करची लाट पुन्हा आली आहे. चाप ओढाल तेवढ्याच गोळ्या, बोट थकते, वेग आपोआप कमी राहतो. १९९०च्या दशकासारखे दहा विरुद्ध दहाचे सामने पुन्हा भरू लागले. एनएक्सएलच्या स्पर्धांमध्येही यांत्रिक मार्करचे वेगळे गट आहेत. काही ठिकाणी पंप मार्करचे सामने होतात. काही स्पर्धांत खेळाडूने किती गोळ्या घेऊन उतरायचे, याचीच मर्यादा असते.

टीकाकार म्हणतात, ही जुन्या खेळाडूंची स्मरणरंजनाची हौस आहे. वेग हाच स्पीडबॉलचा आत्मा आहे, तो काढला तर नवी पिढी येणार नाही. त्यात तथ्य आहे. व्यावसायिक सामन्यातला ब्रेकआउट डोळ्यांनी पाहिला की अंगावर काटा येतो, तो संथ मार्करने येणार नाही. वरच्या गटांत तो वेग राहू द्यावा.

पण खालच्या गटांचा प्रश्न वेगळा आहे. नवा खेळाडू वाईट खेळतो म्हणून बाहेर पडत नाही. तो दुसऱ्या मोसमात क्रेडिट कार्डचे बिल पाहून बाहेर पडतो. त्याच्यासाठी गोळ्या मोजून देणारा खेळ हीच प्रवेशाची पायरी असायला हवी. गोळ्या कमी असल्या की तो नेम धरायला शिकतो, चालायला शिकतो, सहकाऱ्याशी बोलायला शिकतो. मग हवे तर वरच्या गटात जाऊन सेकंदाला दहा झाडेल. कंपन्यांना आज थोड्या कमी गोळ्या विकाव्या लागतील. पण एका मोसमात दहा खोकी घेऊन गायब होणाऱ्या मुलापेक्षा, दहा वर्षे दरसाल तीन खोकी घेणारा मुलगा त्यांच्याही फायद्याचा आहे.

यातून आपण काय घ्यावे?

महाराष्ट्रात पेंटबॉल अजून सहलीपुरताच आहे. उद्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या महोत्सवात किंवा एखाद्या मैदानावर स्पर्धा सुरू करायची झाली, तर अमेरिकेतल्या व्यावसायिक गटाची नक्कल करू नये. आयात केलेल्या महाग गोळ्या आणि लाखाच्या घरातले मार्कर यांनी खेळ सुरू होण्याआधीच संपेल. पाच-पाच जणांचे संघ, भाड्याचे साधे यांत्रिक मार्कर, प्रत्येकाला पॉइंटमागे मोजक्या ४०-५० गोळ्या आणि वाफ न धरणारे चांगले मास्क एवढ्यावर स्पर्धा भरवता येते. पैसे वाचवायचेच झाले तर ते मार्करवर वाचवावेत, मास्कवर नाही. क्रोनोग्राफ हवाच.

आणि पुढच्या सहलीत गोळ्या लवकर संपल्या, तर चिडण्याआधी हेनिकरच्या जंगलातला रिची व्हाइट आठवावा. या खेळाचा पहिला विजेता एकही गोळी न झाडता जिंकला होता.